तेरवीच्या आत

शैला,

आज दुपारपर्यंत तरी तुझ्या घरी दुसरं कोणी गेलेलं नाही. हे आधी सांगून टाकते, कारण तू पहिलं हेच विचारलं असतंस. काकू, तुझ्या सासूबाई, आहेत, जेवतात कमी, रागावतात जास्त. भाऊजी मालधक्क्याच्या ऑफिसात परत जाऊ लागलेत. तुझा मुलगा तेरवी आटोपून बंगलोरला गेला, रोज फोन करतो. तिघंही जिवंत आहेत. बाकीचं क्रमाने लिहिते.

हे इथल्या, रायपूरच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मागितलं आहे, म्हणून तुला माहीत असलेल्याही काही गोष्टी सांगाव्या लागतील. तू म्हणशील, "ताई, मलेच काहून सांगून राहिल्या?" ऐकून घे. भांडायला तुझ्याकडे आता वेळच वेळ आहे.

आपण दोघी चाळिशी ओलांडून पुन्हा विद्यार्थिनी झालो. एपिडेमिऑलॉजी आणि बायोस्टॅटिस्टिक्स. आजार कोणाला, कुठे, कशामुळे होतो ते शोधायचं, आणि आपल्याला जे वाटतं ते आकड्यांनी तपासून घ्यायचं. मी आरोग्य खात्याच्या ऑफिसातून आले होते, तू हॉस्पिटलच्या वॉर्डातून, नर्स. बाकी वर्ग आपल्या मुलांच्या वयाचा. तोंडावर आपल्याला दीदी म्हणायचे आणि पाठ वळली की आंटी. पहिल्या दिवशी मी रंगीत पेनं आणि आठवड्याच्या कामांचा कागद बाकावर मांडून बसले. तू वाकून पाहिलंस आणि ओळखपाळख नसताना म्हणालीस, "ताई, तुमी तं मेल्यावर बी यादी करून ठेवसान, कोण कोण खांदा देईन ते."

"ठेवीन की," मी म्हटलं. "तुझं नाव पहिलं घालते."

"घाला. पण मी उंच आहो, तिरडी वाकडी होईन."

समोरच्या बाकावरची मुलं वळून पाहायला लागली. तेव्हापासून आपण एका बाकावर.

आकडे तुला सुरुवातीला फार छळायचे. तेलीबांध्याच्या माझ्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावरचं सगळं बाजूला सारून, मी तुला 'पी व्हॅल्यू' शिकवली. समोर दिसतो एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, एवढंच ती सांगते. तू पेन्सिल कानाला लावून विचार केलास आणि म्हणालीस, "ते समजलं. पण योगायोग नाही तं मंग कोण करून राहिलं, हे तुमचा पी सांगत नाही काय?" नाही सांगत, मी म्हटलं. "मंग अर्धाच मास्तर झाला हा." त्या दिवशी मी हसले होते. आता त्या टेबलावर जेवायला बसले की ते अर्धं उरलेलं उत्तर समोर येऊन बसतं.

बदल्यात तू मला घरात शिरायला शिकवलंस. हे कुठल्याही पुस्तकात नाही. आपण ज्या घरी जायचो तिथे कोणीतरी गेलेलं असायचं. घरी मरण आलं की पुष्कळदा कारण कळतच नाही. डॉक्टर उशिरा येतो किंवा येतच नाही. मग घरच्यांशी बोलून, शेवटच्या दिवसांत काय काय झालं ते विचारून, कारण शोधायचं. याला व्हर्बल ऑटोप्सी म्हणतात. फॉर्ममध्ये पुष्कळ प्रश्न असतात, पण पहिली जागा कोरी असते. घरच्यांनी आपल्या शब्दांत सांगायचं, आपण मध्ये बोलायचं नाही. मला ते जमायचं नाही, मी लगेच प्रश्न क्रमांक एकवर यायची. तू माझ्या मांडीवर हात ठेवायचीस, म्हणजे गप्प बसा. समोरचा माणूस खाली बसला असेल तर आपण खुर्चीवर बसायचं नाही. कागद आधी काढायचा नाही. भिंतीवरच्या फोटोकडे पाहायचं आणि नुसतं विचारायचं, "कैसी थीं?"

आणि तेरवी झाल्याशिवाय त्या घरी पाऊल ठेवायचं नाही, हा आपला नियम. दोघींनी मिळून ठरवला, मी लिहून काढला, परवानगी देणाऱ्या समितीनेही तो वाखाणला. दुःखात बुडालेल्या घरात फॉर्म घेऊन जाऊ नये, यात चूक काहीच नव्हती. लोकही आपला मान ठेवायचे. आपण गेलो की खिडक्या उघडायचे, कूलरमध्ये पाणी ओतायचे, पंखा पाचवर करायचे. "दीदी लोग धूप में आई हैं." आपण पदराने घाम पुसत ते गार वारं घ्यायचो. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

थीसिसचा विषय तू निवडलास: उन्हाळ्यात गुढियारीत नेहमीपेक्षा किती जास्त माणसं जातात. तुझंच घर तिथे, तुझाच पारा, म्हणजे तुझाच मोहल्ला. दुसरी मुलाखतकार म्हणून मी तुझ्याबरोबर. तिथेच आपलं मोठं भांडण सुरू झालं. ऊन किती होतं हे कुठून घ्यायचं? मी म्हटलं, विमानतळाजवळच्या हवामान केंद्रातून. एकच जागा, एकच यंत्र, रोजची नोंद, सगळ्यांना सारखं माप. त्याशिवाय एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना करता येत नाही, परीक्षक फाडून खातील.

"विमानतळावर कोण मरून राहिलं, ताई?" तू म्हणालीस. "मरून राहिले इथं, टिनाखाली."

तू थर्मामीटर घेऊन माणूस जिथे गेला त्या खोलीत, तो गेला त्याच वेळी, तासभर बसायला लागलीस. भर दुपारी. मी चिडले. प्रत्येक खोली वेगळी, दार उघडं की बंद, वर पत्रा की स्लॅब, यातून काय माप निघणार? तू म्हणायचीस, माप नाही निघालं तरी चालेल, बसल्याशिवाय मले काही दिसत नाही. तुझा चेहरा लाल व्हायचा, ओठ कोरडे पडायचे. मी पिशवीत मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली ठेवायची, तू ती समोरच्या म्हातारीला पाजून यायचीस.

मग ते 'दुसरं' सुरू झालं.

पहिल्यांदा आपण ते रेल्वे लाइनीजवळच्या घरी ऐकलं. आजी गेल्या होत्या, आपण त्यांच्यासाठी गेलो होतो, आणि सून म्हणाली की आजोबाही गेले, आजींच्या तेरवीच्या आत. आजोबा तर धडधाकट होते, भाजी आणायला चालत जायचे. शेजारची बाई दारातून म्हणाली, "डोकरी ह अपन डोकरा ला संग म ले गे." म्हातारी आपल्या म्हाताऱ्याला बरोबर घेऊन गेली. हे तिने इतक्या सहज सांगितलं, जसं कोणी बाजारात जाताना कोणाला बरोबर न्यावं. नंतर दुसऱ्या एका गल्लीत तसंच. तिथे मुलामागे बाप. पुढे आणखी एक घर. प्रत्येक ठिकाणी घरातलं म्हातारं माणूस, प्रत्येक ठिकाणी तेरवीच्या आत, आणि प्रत्येक ठिकाणी लोक एकच सांगायचे: घेऊन गेला, घेऊन गेली. भरल्या उन्हात तुझ्या हातावर काटा आलेला मी पाहिलाय.

"काहून, ताई?"

मी तुला सांगितलं. एक, आकडे लहान आहेत, लहान आकड्यांत असे पुंजके दिसतातच. दोन, जोडीदार गेला की मागे राहिलेला खचतो, हे जगभर माहीत आहे. तीन, उन्हाळा दोघांनाही सारखाच होता. तू तिन्ही ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "हे तिन्ही बरोबर आहे. तरी पण काहीतरी त्या घरात राहून राहिलं, ताई. पहिल्या माणसाले नेलं अन् गेलं नाही. तिथंच बसून राहिलं."

"शैला, एपिडेमिऑलॉजी शिकतेस की भुतं काढतेस?"

"भूतच म्हना. पण त्याचं नाव पाहिजे ना मले."

नवतपा, मे अखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, चालू असताना एका सकाळी तुझा फोन आला. आणखी एक घर सापडलं होतं. "आता योगायोग म्हनसान तं मी तुमच्या फ्लॅटवर येऊन भांडतो." मी म्हटलं, ये, संध्याकाळी ये, फॉर्म घेऊन ये, आलेख काढून बघू; जेवायलाच थांब. तू म्हणालीस, "हव." 'हो'साठीचं रायपूरचं ते छोटंसं हव. तेच शेवटचं.

दुपारी भाऊजींचा फोन आला. "ताई, शैला बोलत नाही." ते दोनदा एवढंच म्हणाले. मी पोचेपर्यंत तुला गच्चीवरच्या खोलीतून खाली आणलं होतं. गल्लीतले डॉक्टर येऊन गेले होते आणि कागदावर लिहून गेले होते की हृदयक्रिया बंद पडली. ती सगळ्यांचीच पडते. तुझ्या अंगाचं तापमान कोणी घेतलं नाही. मेलेल्या माणसाला कोण थर्मामीटर लावतं? म्हणून उन्हाने गेलेली माणसं कागदावर कधी येतच नाहीत. तू हेच तर लिहीत होतीस.

मी काय केलं सांगते. मी कोणाकोणाला कळवायचं ते लिहून काढलं. सामान कोण आणेल, बर्फ कुठून, मुलाचं विमान किती वाजता, काकूंजवळ कोण बसेल. सगळे म्हणाले, ताईंनी किती सांभाळलं. खांदा द्यायला आपल्या वर्गातली मुलं आली होती, आंटी म्हणणारी. तिरडी वाकडी झाली नाही, शैला. त्यातला उंच मुलगा मी मागे उभा केला होता.

घरी येऊन मात्र मी एका जागी बसले आणि एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली. आपलं शास्त्र सांगू शकतं की या उन्हाळ्यात नेहमीपेक्षा जास्त माणसं गेली. पण त्यातली जास्तीची कोणती आणि एरवीही जाणारी कोणती, हे ते कधीच सांगू शकत नाही. मी हे ज्युनियर मुलांना फळ्यावर समजावलेलं आहे, खडूने, अगदी थंडपणे. तू कोणत्या ढिगात आहेस, शैला? ऊन नसतं तर तू संध्याकाळी आली असतीस का? या विषयात मी चांगल्या मार्कांनी पास झालेली आहे आणि मला हे सांगता येत नाही.

आता तुझ्या घरचं.

मी रोज जात होते. खालच्या मजल्यावर गोदाम, त्यावर तुमच्या दोन खोल्या, आणि गच्चीवर ती टिनाची, जिथे तुझं टेबल होतं आणि जिथे तू गेलीस. मी स्वयंपाकघर बघायची, येणाऱ्याजाणाऱ्यांचं चहापाणी बघायची, आणि परत यायची. वर जायची नाही. का ते विचारू नकोस. काकू दिसायच्या नाहीत, विचारलं की कोणीतरी म्हणायचं, वर आहेत, शैलाजवळ. मी समजायची, तुझ्या वस्तूंजवळ.

तुझा दहावा व्हायचा होता. भाऊजी आणि मुलगा घाटावरची सोय बघायला गेले होते. मी डबा घेऊन गेले तर खाली कोणीच नाही. म्हणून जिना चढले. दार लोटलेलं. खिडकीला आतून चादर खोचलेली. उन्हातून आत गेल्यावर मला आधी फक्त ज्योत दिसली. तू गेलीस त्या जागी, परातीत पीठ पसरून त्यावर ठेवलेला दिवा. मग भिंतीला टेकलेल्या काकू दिसल्या. वर पंखा, स्थिर. कूलर बंद. हवा अंगाला चिकटत होती.

"काकू, पंखा लावते."

"नको वं बाई. दिवा जाते."

"मग दार तरी उघडं ठेवू."

"गरम वारा सुटते दुपारचा. काल इझता इझता राह्यला. तेरवीपर्यंत जपा लागते त्याले. तिले वाट दिसली पाहिजे ना."

"पाणी प्यायलात?"

"सकाळी पेली. घडीघडी खाली कोण उतरन मोरीवर? दिव्यापाशी कोणी पाहिजे."

मी बसले. डबा उघडला. त्यांनी हाताने नको म्हटलं आणि आपण होऊन सांगायला लागल्या. मी काही विचारलं नव्हतं, हे तुला खरं वाटणार नाही. "त्या दिवशी उन्हातून आली. म्या म्हटलं जेव, तं म्हणे आई, डोकं दुखते, वर लवंडतो जराशी. लाइट गेलती. मंग चा घेऊन आली मी, तं भलतंच बोलून राहिली. मले म्हणे, सिस्टर, बेड नंबर कोणता? आंग तव्यावानी. अन् घाम नाही, एक थेंब नाही."

फॉर्म माझ्याजवळ नव्हता. तेरवी व्हायची होती, नियम नियम आहे. पण कान कोण बंद करणार? भलतं बोलणं, अंग तापलेलं, घाम नाही. तुझं नाव कोणत्या ढिगात घालायचं हे मला सांगता येणार नाही असं मी वर लिहिलंय. त्या खोलीत, त्या क्षणी, मला ते अगदी जवळपास सांगता येत होतं.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "शैला, त्या ताईले चा दे ना. कवाची बसली बिचारी."

त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या. खोलीत आम्ही दोघीच होतो.

मी त्यांच्या कपाळाला हात लावला. कोरडं. तापलेलं. दुसऱ्या हाताने काखेत पाहिलं, तिथेही घाम नाही. शैला, त्या क्षणी ते खोलीत होतं. तू म्हणायचीस ना, पहिल्या माणसाला नेलं आणि गेलं नाही, तिथेच बसून राहिलं. ते तिथेच बसलेलं होतं आणि मी त्याच्या शेजारी डबा उघडून बसले होते.

मी उठले आणि पंखा पाचवर केला. दिवा पहिल्याच फेऱ्यात गेला. काकूंनी इतका मोठा आवाज काढला की खालच्या गोदामातले हमाल धावत वर आले. एकाला बर्फ आणायला पिटाळलं, दुसऱ्याला ऑटो. चादर खिडकीवरून ओढून बादलीत बुडवली आणि त्यांच्या अंगावर टाकली, बर्फ आल्यावर मानेला, काखेत लावला. एक हमाल म्हणाला, "दीदी, अम्मा को ठंड लग जाएगी." मी त्याला काय बोलले ते अंकात छापता येणार नाही. हॉस्पिटलपर्यंत काकू एकच शब्द बोलत होत्या, "दिवा, दिवा." तिथे त्यांनी पहिलं काम काय केलं माहीत आहे? तापमान घेतलं. काकू जिवंत होत्या म्हणून त्यांच्या कागदावर नाव आलं: उष्माघात.

त्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर मला तुझी सगळी घरं एकेक करून दिसली. रेल्वे लाइनीजवळचे आजोबा, मुलामागे गेलेला बाप. दिव्याजवळ कोण बसतं? घरातलं म्हातारं माणूस. तरण्यांना धावपळ असते, बायकांना चूल असते. म्हाताऱ्याला सांगतात, बाबूजी, तुम्ही बसा. खिडक्या लावलेल्या, वारा नको म्हणून. पंखा बंद, ज्योत हलू नये म्हणून. सुतकाचं एक वेळचं जेवण, आणि उतरायला लागू नये म्हणून पाणी कमी. वर पत्रा. आणि आपण? आपण दोघी तेरवी झाल्यावर जायचो, दिवा उचलल्यावर, खिडक्या उघडल्यावर, कूलर लावल्यावर. तू ज्या खोल्यांत तासभर बसलीस त्या तशा राहिलेल्याच नव्हत्या. विमानतळ चुकीचा होता हे मी मान्य करते. पण तुझी खोलीही चुकीची होती, शैला. आपल्या सभ्यपणाने आपल्याला नेमके ते तेरा दिवस कधी दिसू दिले नाहीत. भांडण बरोबरीत सुटलं असं मी म्हणते. तू म्हणशील, "मीच जिकली." म्हण.

भाऊजी हॉस्पिटलात आले ते आईकडे बघून आधी रडले, मग माझ्याकडे वळले. "ताई, तुमी दिवा विझवला तिचा." मी म्हटलं, हो. "तिची वाट अंधारात गेली." रात्री त्यांनी स्वतः दिवा लावला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तेच तिथे बसले, पंखा बंद करून, खिडकी लावून. जणू आता त्यांची पाळी. मी दारात उभी राहून ओरडले, विनवण्या केल्या, ते हलले नाहीत. मग मी ओरडणं थांबवलं आणि गोलबाजारात गेले. जुन्या भांड्यांच्या दुकानात कंदिलाची काच मिळाली, उंच, वर उघडी. ती दिव्याभोवती बसवली आणि पंखा लावला. ज्योत जरा थरथरली आणि सरळ झाली.

भाऊजींनी वाकून ज्योत पाहिली. "हे चालते काय?"

"गुरुजींना विचारा."

त्यांनी तिथूनच फोन लावला. गुरुजी म्हणाले, ज्योत अखंड पाहिजे, तिच्याभोवती काय आहे याच्याशी शास्त्राला घेणं नाही. "मंग इतके दिवस कोणी सांगितलं काहून नाही?" भाऊजी म्हणाले. गुरुजी म्हणाले, कोणी विचारलं नाही.

तुझी तेरवी पार पडली. काकू घरी आल्या आहेत, माझ्याशी बोलत नाहीत. मी पाणी दिलं तर घेतात, तोंड फिरवून पितात. पितात, एवढं मला पुरे आहे.

मी गाईड मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. तुझ्यावर त्यांचा फार जीव होता. मग म्हणाल्या, "देखिए, ये एक घर है. बात दिल को लगती है, लेकिन एक घर से कुछ साबित नहीं होता." तू तुझ्या जागेवरून उठून भांडली असतीस. मी भांडले नाही, कारण त्या बरोबर आहेत आणि मीही हेच बोलले असते. दिवा, बंद पंखा, दिव्याजवळ कोण बसलं, हे प्रश्न फॉर्ममध्ये नाहीत. ते घालायचे तर समितीकडे जावं लागेल. तुझी स्वतःची नोंद तुझ्याच अभ्यासात घ्यायची की नाही, हेही समितीच ठरवेल. ती पावसाळ्यात बसेल. तोवर उन्हाळा संपेल, आणि मग ज्यांना जायचं ते जाऊन चुकलेले असतील. हे सगळं नीट, क्रमाने होईल. मी स्वतः अर्ज लिहिला आहे, त्यात एकही चूक नाही.

तुला न सांगितलेली एक गोष्ट होती. तू मला घाबरवत होतीस. तुझं ते "काहून, ताई" ऐकलं की माझी सगळी उत्तरं मला तोकडी वाटायची, म्हणून मी ती जास्त जोरात सांगायची. तुझ्यामुळे मी या वयात खरंच शिकले. हे तुझ्यासमोर म्हणता आलं असतं, फ्लॅटवर, त्या संध्याकाळी, आलेख काढताना. तू म्हणाली असतीस, "झालं काय ताई, ताप आला काय?"

पाऊस अजून आला नाही. आकाश दुपारी पांढरं होतं आणि तसंच राहतं.

काल तुझ्या घरून परतताना पलीकडच्या गल्लीत दारापुढे माणसं बसलेली दिसली. चौकशी केली. आजी गेल्या, परवा. मागे आजोबा आहेत. घर दुमजली, वर पत्रा. रात्रभर मी स्वतःला सांगत राहिले की हे आपलं काम नाही, नियम आहे, परवानगी नाही, ओळख नाही, आणि एका घरावरून काही सिद्ध होत नाही. आज सकाळी पुन्हा गोलबाजारात गेले, आणखी काचा घेतल्या, जितक्या मिळाल्या तितक्या, वर्तमानपत्रात गुंडाळून. दुपारी त्या दारात उभी राहिले. खांद्यावर पांढरा गमछा टाकलेला मोठा मुलगा बाहेर आला. माझ्या पिशवीकडे पाहिलं, गळ्यातल्या कॉलेजच्या कार्डाकडे पाहिलं आणि हात जोडले.

"दीदी, अभी घर में गमी है. तेरही के बाद आइएगा."

"मालूम है, भैया. ऊपर कौन बैठा है?"

"बाबूजी."

"पंखा चल रहा है?"

"पंखा कैसे चलेगा, दीदी? दिया जल रहा है ना."

मी चपला काढल्या आणि जिना चढायला लागले.